आईच्या आठवणींचा वारसा

आपल्या पालघर-तारापूर भागात ख्रिस्ती धर्माचा इतिहास म्हटला की पोर्तुगिजांचे किल्ले, आणि १७३९ साली चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतलेले तारापूर व वसई, एवढेच बहुधा आठवते. तो इतिहास लढायांचा झाला. परंतु धर्माचा आणखी एक इतिहास माजघरात, चुलीपाशी घडत असतो. मराठीत तो एका आईने लिहिला आणि तिच्या मुलाने पुरा केला. त्या आईविषयी, लक्ष्मीबाई टिळकांविषयी, मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त चार शब्द लिहिते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी झाला. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाहेरून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात यावयाचा नाही. अशा घरची मुलगी कवी नारायण वामन टिळकांना दिली. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा या बाईवर आकाशच कोसळले. पती जिवंत असून संसार मोडला. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयाने काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या.

पुढे त्या टिळकांकडे राहावयास गेल्या. पण पती ख्रिस्ती म्हणून आपण ख्रिस्ती, असे त्यांनी केले नाही. एकाच घरात त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. मग विचार करकरून त्यांच्या मनाने घेतले की जातिभेद हा देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे. तो एकदा सुटल्यावर मग त्यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. श्रद्धा उसनी न घेता स्वतःच्या पायांनी तिथवर चालत जाणे, हे मला त्यांच्या चरित्रात सर्वांत मोठे वाटते.

आणि ती श्रद्धा बोलण्यापुरती राहिली नाही. अहमदनगरास प्लेगची साथ आली, तेव्हा त्या आजाऱ्यांच्या सेवेला गेल्या. जिच्या माहेरी स्पर्शाचा एवढा धाक, तिने प्लेगच्या रोग्याचे अंग पुसावे! याहून निराळे प्रवचन कशाला हवे? ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे चौसष्ट अध्याय रचले. ग्रंथ त्यांच्या पश्चात १९३८ साली प्रसिद्ध झाला.

आता मुलाकडे वळू. दत्तू म्हणजे देवदत्त नारायण टिळक. वडिलांचे चरित्र लिहावयाचे म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहावयास सांगितले, आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ जन्मास आली. पहिला भाग १९३४ साली निघाला. १९३६ च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाईंनी देह ठेवला. शेवटचा भाग देवदत्तांनी पुरा केला.

या ग्रंथात टिळकांचा तापटपणा आहे, हाती पैसा न टिकणे आहे, नवराबायकोची भांडणे आहेत, लक्ष्मीबाईंची स्वतःची फजितीही आहे. मुलाच्या मनात असते तर आईबापांची थोरवी तेवढी राखून बाकीचे सारे गाळता आले असते. ते तसेच राहू दिले, म्हणूनच त्या दोघांची श्रद्धा आज आपल्याला खरी वाटते. निर्दोष माणसाची श्रद्धा पाहून आपण नमस्कार करतो व आपल्या वाटेने जातो. चुलीशी खोळंबलेल्या, रागावणाऱ्या, हसणाऱ्या बाईची श्रद्धा पाहिली की आपल्यालाही थोडे बळ येते, मग आपला धर्म कोणताही असो.

आई गेली की आपण ‘प्रेमळ, सात्त्विक, कष्टाळू’ असे तीन शब्द लिहून तसबिरीला हार घालतो. त्या तीन शब्दांत कोणाचीही आई बसते. आपली मात्र हरवते. भगिनींनो, सातपाटीच्या किनाऱ्यावर मासळी विकून लेकरे वाढवणाऱ्या आया आपल्याकडे आहेत, कारखान्यांच्या निमित्ताने परगावाहून बोईसरला येऊन संसार थाटलेल्या आहेत. त्यांनी कशावर विश्वास ठेवून दिवस काढले, कोणत्या गोष्टीपायी देवाशीही भांडल्या, हे त्यांना आजच विचारावे. देवदत्तांनी आई हयात असतानाच विचारले, म्हणून महाराष्ट्राला ‘स्मृतिचित्रे’ मिळाली.