चूल, वैल आणि सुनेची शेगडी

आमच्या बऱ्हाणपूरला पाहुणे आले की त्यांना आम्ही पाण्याचा इतिहास दाखवतो. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात बांधलेला कुंडी भंडारा, जमिनीखालून गावात आणलेलं पाणी, शाही किल्ल्यातला हमामखाना, खाली वाहणारी तापी. मुमताजमहल १६३१ मध्ये इथेच वारली, हेही सांगून होतं. पण या गावात रोज हजारो चुली पेटल्या, त्यांच्यासमोर पिढ्यान्‌पिढ्या बाया बसल्या, त्या आगीचा इतिहास कोणी दाखवत नाही. दाखवायचा तरी काय? राख तर रोज सकाळी भांडी घासण्यात संपली.

हा विचार डोक्यात आला तो लोधीपुऱ्यातल्या आमच्या घराचं स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरलं तेव्हा. मुलगा म्हणाला, "मम्मी, आता ओट्यात बसणारा हॉब घेऊ, भिंतीत ओव्हन घेऊ. पुन्हा पुन्हा हे काम होत नाही." मलाही हौस होतीच. दुकानात गेलो. काचेच्या चकचकीत शेगड्या, तीन, चार, पाच बर्नर. दुकानदार सगळं मुलाला समजावून सांगत होता. मी एका बाजूला उभी, आणि माझी सून माझ्याही मागे. घरी आल्यावर लक्षात आलं, त्या शेगडीपुढे रोज जी उभी राहणार तिला कोणी एक शब्द विचारला नव्हता. आणि न विचारणाऱ्यांत मीसुद्धा होते.

माझ्या सासूबाई चुलीवरच्या. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मागच्या पडवीत मातीची चूल आणि तिला लागून वैल होता. आजच्या मुलींना वैल माहीत नाही म्हणून सांगते. चुलीत जाळ असतो, आणि त्या जाळाची उरलेली धग एका भोकातून शेजारच्या तोंडाला जाते, तो वैल. चुलीवर भाकरी, वैलावर वरण. एका जाळात दोन कामं! दोन बर्नरची शेगडी आपल्याकडे कंपनीने नाही, बायकांनी मातीत आधीच करून ठेवली होती. तरीसुद्धा साध्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो असं जाणकार सांगतात. बाकीची भिंतीला, हवेला आणि बाईच्या तोंडाला.

आपल्या जैन घरांत चुलीपुढे आणखी एक काम असायचं, जयणेचं. लाकूड आपटून, झटकून, नीट पाहून मगच चुलीत घालायचं. गोवरी उलटसुलट बघायची, कारण तिच्यात किडे घर करतात. चूल पेटवायच्या आधी मऊ पुंजणीने पुंजून घ्यायची. वर छताखाली चंदरवा बांधलेला, म्हणजे वरून जीवजंतू अन्नात पडायला नको आणि आगीतही. अग्नी हाच मुळी तेउकाय, म्हणून लागेल तेवढाच पेटवायचा आणि काम झालं की विनाकारण जळत ठेवायचा नाही. सासूबाईंना हे कोणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं, हाताला वळण होतं. पण धुराचं मात्र कोणी काही केलं नाही. दर थंडीत त्यांचा खोकला सुरू व्हायचा तो होळीपर्यंत. "चुलीपुढे बसणारीला खोकला असायचाच," असं त्याच म्हणायच्या. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे की घरातल्या अशा धुरामुळे जगात वर्षाला सुमारे ३२ लाख माणसं दगावतात. मी तो आकडा वाचला तेव्हा मला आमची पडवी दिसली.

आता आमच्या गावच्या आगीचं वैशिष्ट्य सांगते. बऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांच्या काळात खानदेशची राजधानी. आज आपण मध्य प्रदेशात, पण ताटात खानदेश, निमाड, गुजरात सगळंच. खानदेशातले पुरणाचे मांडे हातावर, कोपरापर्यंत मोठे करत न्यायचे आणि उलट्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर टाकायचे. आमच्या गावातला मैद्याचा मांडाही तसाच, उलट्या कढईवर भाजलेला. लग्नकार्यात त्याचे कारागीर मोठमोठ्या जाळापुढे उभे असतात, बघत राहावं असं काम. निमाड-माळव्याकडचे बाफले आधी पाण्यात उकडायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. गुजराती हांडव्याला खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. नीट बघा, यात ओव्हनची सगळी कामं आली. वरून धग, खालून धग, चारी बाजूंनी धग. ओव्हन ही परदेशी वस्तू असेल, पण त्याचं काम परदेशी नाही.

चुलीनंतर आली कोळशाची शेगडी, आणि मग स्टोव्ह. हवा भरून पेटणारा प्रायमस स्टोव्ह १८९२ मध्ये स्वीडनमध्ये निघाला आणि पुढे आपल्या घराघरांत आला. पिन मारायची, पंप मारायचा, भुर्रर्र आवाज! धूर गेला, काळी भांडी गेली, पण भीती आली. वर्तमानपत्रात "स्टोव्हच्या भडक्यात विवाहितेचा मृत्यू" अशी बातमी वाचतच आम्ही मोठ्या झालो. सगळे भडके स्टोव्हचे नव्हते, हे बायकांना ठाऊक होतं. कायद्याला ते कळायला १९८३ आणि १९८६ साल उजाडलं. आधी सासरच्या छळाचं ४९८-अ कलम आलं, मग हुंडाबळीचं ३०४-ब. माझ्या आईने मला सासरी पाठवताना दागिन्यांच्या आधी सांगितलं होतं, "स्टोव्ह पेटता असताना रॉकेल घालू नकोस, आणि पदर खोचून घे." स्वयंपाकघरातली वस्तू निवडणं ही हौसेची गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो काळ आठवावा.

अधूनमधून शहाण्या माणसांनी प्रयत्न केले. वर्ध्याच्या मगनवाडीत बिनधुराची मगन चूल झाली. १९७७ मध्ये इंडियन ऑइल आणि डेहराडूनच्या पेट्रोलियम संस्थेने वातीचा नूतन स्टोव्ह आणला, तो कमी रॉकेलमध्ये जास्त काम करायचा. १९८३ मध्ये सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. त्याच्या आधीच, १९५५ मध्ये, मुंबईत बर्मा शेलने सिलिंडरचा गॅस आणला होता. १९६५ मध्ये इंडेन आला. पण गावोगाव नंबर लागायला वर्षं गेली. मुलगी द्यायची तर "गॅस आहे का?" असं विचारायचे दिवस आपण पाहिलेत. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली तेव्हा कुठे गरिबाच्या घरात निळी ज्योत गेली, आणि सिलिंडर पुन्हा भरून आणायला पैसे नसले की चूल परत पेटते, हेही खरं.

गॅसने आणखी एक केलं. बसलेल्या बाईला उभं केलं. चूल जमिनीवर होती, ओटा कमरेला आला. पाठीला बरं वाटलं, पण पाय भरून यायला लागले. शेवटचा शब्द मात्र सरपणाचा, रेशनचा, नंबरचा, नवऱ्याच्या पगाराचा. जे आलं त्यावर बाईने रांधलं. निवड करायची वेळ आपल्यावर पहिल्यांदाच आली आहे. म्हणून ती दुकानदाराच्या चकचकाटावर सोडू नये.

मी वही काढली आणि सुनेला म्हटलं, "बस इथे. तू सांग, मी लिहिते."

ती म्हणाली, "मम्मी, आधी हे लिहा की आपल्याकडे संध्याकाळी किती वाजता जेवायचं असतं." मी चपापले. आमच्याकडे चौविहार. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. ती शाळेतून चारला येते. दीड तासात सगळ्यांचं रांधून, वाढून, आवरायचं. म्हणजे तिला एकाच वेळी तीन भांडी चढवता आली पाहिजेत. पण तीन बर्नर असून भागत नाही. त्यांच्यात अंतर हवं. दुकानातल्या चार बर्नरच्या हॉबवर आमचं सकाळचं उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवलं, तर शेजारी तवा बसेना. तेव्हा पहिलं शहाणपण हे की आपलं सगळ्यात मोठं पातेलं आणि तवा मोजून मगच दुकानात जायचं.

दुसरं, खाकरा. पर्युषणाच्या आधी डबे भरायचे असतात. खाकऱ्याला मंद आच लागते, तीही सारखी. मोठ्या बर्नरची सगळ्यात बारीक ज्योतसुद्धा त्याला जास्त होते. म्हणून एक तरी लहान बर्नर हवाच. दुकानात पेटवून, नॉब अगदी बारीक करून बघा. ज्योत विझते का, फडफडते का?

तिसरं, ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी सोय. दूध उतू गेलं, खिडकीतून वारा आला, की ज्योत जाते आणि गॅस सुटत राहतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. हॉबखाली बंद कपाट असेल तर त्याला हवा जायला जाळी ठेवाच. ही सोय असेल तर पाचशे-हजार जास्त गेले तरी जाऊ द्या.

चौथं, दगड. हॉबसाठी ओट्याचा ग्रॅनाइट कापावा लागतो. पुढे हॉब बिघडला तर त्याच मापाचा मिळेलच असं नाही. वर ठेवायची शेगडी उचलून बदलता येते. आणि दुरुस्तीवाला आपल्या गावात येतो का, हे पैसे देण्याआधी विचारावं.

मग विजेची शेगडी, इंडक्शन. मुलाचा हट्ट होता की आगच नको. गॅसच्या शेगडीला सरकारी मानकाप्रमाणे किमान ६८ टक्के उष्णता भांड्याला द्यावी लागते, इंडक्शन ८५ टक्क्यांच्या आसपास देतं. चुलीच्या दहाव्या हिश्श्यापासून आपण इथवर आलो! मला यात जयणाच दिसते, वाया जाणारी आग पिढीगणिक कमी होत गेली. विजेत तेउकाय मानायचा की नाही, यावर आपल्या संप्रदायांत मतभेद आहेत. तो निर्णय ज्याने त्याने आपल्या गुरुमहाराजांना विचारून करावा. हिशेबाचं म्हणाल तर १४.२ किलोच्या सिलिंडरमधून जेवढी उष्णता भांड्याला लागते, तेवढ्यासाठी इंडक्शनवर साधारण १४५ युनिट लागतात. सिलिंडरच्या किमतीला १४५ ने भागा. आकडा तुमच्या विजेच्या दरापेक्षा मोठा आला तर इंडक्शन स्वस्त. पण भांडी सपाट बुडाची आणि लोहचुंबक चिकटेल अशी हवीत. आपली पितळी, तांब्याची, ॲल्युमिनियमची भांडी त्यावर चालत नाहीत. फुलका ज्योतीवर फुगवायचा तर तोही नाही. आणि वीज गेली की सगळंच थांबलं.

ओव्हनचं मी मनात धरलं होतं की भिंतीतलाच घ्यायचा. सून हसली. "मम्मी, आपण पाच माणसं. पासष्ट लिटरची पेटी तापवायलाच दहा-पंधरा मिनिटं, आणि आपल्याला भाजायचे वीस बाफले." खरंच होतं. एवढ्या रिकाम्या पोकळीत आग कशाला? ओट्यावरचा तीस लिटरचा ओटीजी आमच्या कामाला पुरे, वर-खाली दोन्हीकडून तापणारा, आत दिवा असलेला. जाडजूड पिनेचा, अर्थिंग असलेला सोळा अँपियरचा पॉइंट मात्र त्याला वेगळा काढून घेतला. पेटवण्याआधी दार उघडून आत मुंगी-किडा नाही ना, हे बघायचं. गोवरी उलटसुलट बघायच्या जागी आता हे.

शेवटी घरात आलं ते असं. ओट्यावर लांबरुंद तीन बर्नरची शेगडी, शेजारी एक इंडक्शन, कोपऱ्यात ओटीजी. काचेचा हॉब नाही, भिंतीतला ओव्हन नाही. मुलगा थोडा हिरमुसला, मीही हिरमुसले, खोटं का बोलू. चंदरव्याच्या जागी धूर ओढणारी चिमणी लागली. ज्योतीवर कापड बांधणं आता धोक्याचं, पण वरून काही पडू नये हे काम चिमणी थोडंफार करते, आणि धूर ओढते, जे चंदरव्याने कधी केलं नाही. सासूबाई असत्या तर त्यांना पहिल्यांदा तिच्याखाली उभं केलं असतं.

खापर मात्र काचेवर बसत नाही, इंडक्शनवर तर नाहीच. म्हणून पडवीतली चूल आम्ही मोडली नाही. अक्षय्य तृतीयेला मांडे होतात, त्या दिवशी उघड्यावर, पुंजून, मोजकी लाकडं घालून ती पेटते. त्या दिवशी जाळापुढे मी बसते. सून म्हणते, "मम्मी, धूर लागेल, सरका, मी बसते." मी सरकत नाही. तिने तिची शेगडी निवडली आहे, ही माझी आहे.