दोरीचे दुसरे टोक

चालताना माणूस हरवू नये म्हणून बांधलेल्या पट्ट्याचा इतिहास (धागा)

१/ आषाढीच्या वाटेवर संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती सोडते, काटेवाडीत मेंढ्यांचे रिंगण होते आणि सणसरच्या मुक्कामाआधी सोहळा भवानीनगरातून जातो. एरवी छत्रपती साखर कारखान्याभोवती वसलेले हे शांत गाव त्या दिवशी माणसांनी भरून जाते. अशा गर्दीत तीन वर्षांच्या नातवाचा किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांचा हात सुटला, तर?

२/ आज त्यावर बाजारात एक उत्तर मिळते : छातीभोवती पट्टा आणि त्याला जोडलेली दोरी. पण ती दिसताच पाहणाऱ्याच्या मनात येते, ‘माणसाला दावे?’ हा संकोच जुना आहे आणि अकारणही नाही. तो समजून घ्यायचा, तर दोरीची दोन्ही टोके पाहावी लागतात. एक माणसाला बांधलेले असते. दुसरे कुठे असते?

३/ आपल्याकडची सर्वांत परिचित दोरी यशोदेची. ‘दाम’ म्हणजे दोरी, ‘उदर’ म्हणजे पोट. म्हणून कृष्ण ‘दामोदर’. यशोदेने दुसरे टोक उखळाला बांधले आणि ती कामाला लागली. बाळ उखळ ओढत दोन अर्जुनवृक्षांमधून गेले आणि ते वृक्ष उन्मळून पडले. कथा लीलेची आहे, पण तिच्या मुळाशी घरोघरची अडचण आहे : मूल खोडकर, कामे अनेक आणि आईला हात दोनच.

४/ सतराव्या-अठराव्या शतकांतील युरोपात मुलांच्या अंगरख्याला खांद्यापाशी लांब फिती शिवत. चालायला शिकणारे मूल तोल गेल्यास पडू नये, म्हणून मोठी माणसे त्या फिती हातात धरत. रुबेन्सच्या सुमारे १६३५ च्या कौटुंबिक चित्रात चिमुकला मुलगा अशाच फितीने आईशी जोडलेला दिसतो. हे चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

५/ पण फितीची गरज संपली, तरी फीत संपली नाही. वाढत्या मुलींच्या पोशाखावर ती शोभेपुरती टिकून राहिली. चालणे केव्हाच जमले होते. उरली होती ती वडीलधाऱ्यांच्या ताब्याची खूण.

६/ १७६२ मध्ये रूसोने ‘एमिल’ या ग्रंथात या फिती आणि पांगुळगाडे दोन्ही नाकारले. त्याच्या मते मुलाने मोकळ्या कुरणात धावावे, पडावे आणि उठायला शिकावे. १७८४ मध्ये कांटने प्रबोधनावरील निबंधात पांगुळगाड्याचीच प्रतिमा वापरली : पालकत्व मिरवणारे लोक प्रौढांनाही त्या गाड्याबाहेर पाऊल टाकू देत नाहीत. बाळाचे साधन अशा रीतीने राजकीय रूपक झाले.

७/ प्रौढांच्या बाबतीत दोरीची जागा साखळीने घेतली होती. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात १७९७ मध्ये मनोरुग्णांच्या साखळ्या काढल्या त्या प्यूसाँ या अधीक्षकाने. पुढे चित्रांतून आणि आख्यायिकांतून श्रेय मिळाले ते मात्र डॉक्टर पिनेल यांना.

८/ भारतात हा धडा फार उशिरा आणि फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या आश्रयस्थानाला पहाटे आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्यांना पळता आले नाही. २८ जणांचा मृत्यू झाला. त्या साखळ्यांचे दुसरे टोक कोणाच्याही हातात नव्हते.

९/ मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यावर बंदी घातली. उपचारांदरम्यान शारीरिक बंधन घालण्यालाही कडक अटी आल्या : तातडीची इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या मान्यतेने आणि गरजेपुरत्याच वेळेसाठी. शिक्षा म्हणून तर कधीच नाही.

१०/ तरीही ज्याच्या घरी मदतीला कोणी नाही, त्याला केवळ दोष देऊन भागत नाही. २०१४ मध्ये मुंबईतील एक छायाचित्र गाजले : मेंदूचा पक्षाघात असलेला एक मुलगा बसथांब्याच्या खांबाला कापडी दोरीने बांधलेला. तो वाहनांखाली जाऊ नये म्हणून पदपथावर राहणाऱ्या त्याच्या आजीनेच त्याला बांधले होते. तिला पोटासाठी कामावर जावे लागे. छायाचित्र छापून आल्यावर त्याला संस्थेत जागा मिळाली. आजीची माया खरी होती. नव्हता तो दुसरा हात.

११/ म्हणून पट्टा निवडताना इतिहासाचे निकष उपयोगी पडतात. लहान मुलासाठी ओढ छाती-खांद्यांवर विभागणारा पट्टा बरा. मनगटाला अचानक हिसका बसला, तर कोपराचे हाड सरकू शकते. दोरी आखूड असावी, कारण गर्दीत लांब दोरी इतरांच्या पायांत अडकते. गळ्याजवळ काही येऊ नये. माणसे दाटू लागली, की मुलाला उचलून घ्यावे.

१२/ वृद्धांची गोष्ट वेगळी. तोल जात असेल, तर कमरेला बांधायचा, मुठी असलेला पट्टा मिळतो. सोबत्याने तो धरून आधार द्यायचा असतो. पण तो बांधण्यापूर्वी आजोबांना विचारावे, त्यांना समजेल अशा शब्दांत सांगावे आणि नको म्हटल्यास दुसरा मार्ग शोधावा. स्मृती गेली म्हणून मान जात नाही. खिशात नाव आणि दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी दोघांच्याही असावी.

१३/ आणि सर्वांत महत्त्वाचे : दुसरे टोक खांबाला, खाटेला, गाडीला कधीही बांधू नये. ते हातात असेल, तर पट्टा चालण्याला सोबत करतो. हात सुटून तिथे खांब आला, की त्याच पट्ट्याची कैद होते.

१४/ वारीला हे ठाऊक आहे. १६८५ मध्ये तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी पालखी सोहळा सुरू केला, असे परंपरा सांगते. आजही रथापुढे आणि रथामागे प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, दिंडीत चालणाऱ्यांच्या रांगा असतात आणि कोण मागे राहिले, ते शेजारच्याला कळते. भवानीनगरच्या रस्त्यावरून इतकी माणसे जातात. त्यांना एकत्र ठेवणारी दोरी बहुधा दिसतही नाही.