पोरांचा गुन्हा आणि पोलिसांची वही

इतवारीच्या सराफा ओळीत, किराणा ओळीत एक अलिखित कायदा मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पेढीवाल्याच्या पोराने कुठे हात मारला, तर प्रकरण चौकीबाहेरच मिटते; 'पोर आहे, चुकले' म्हणायला चार वजनदार माणसे उभी असतात. पोती वाहणाऱ्या हमालाच्या पोराचा तोच अपराध मात्र वहीत चढतो. बालपणसुद्धा या व्यवस्थेत जातीने मिळते.

ही वहिवाट इंग्रजांनी पक्की केली. १८६४ च्या कायद्याने अल्पवयीनांना फटक्यांची शिक्षा दिली. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पुढे त्यांची मुले आईबापांपासून तोडून सुधारशाळेत कोंडण्याची सोयही झाली. मध्यप्रांताने १९२८ मध्ये मुलांसाठी वेगळा कायदा केला, पण या जमातींच्या कपाळावरचा शिक्का १९५२ पर्यंत कायम राहिला. १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला, तेव्हा नागपूर त्याच राज्यात होते.

मुलांना कोर्टाची पायरी चढू न देता प्रश्न सोडवावा, हे संयुक्त राष्ट्रांच्या १९८५ च्या नियमांनी मान्य केले. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यानेही ते तत्त्व स्वीकारले. जिल्ह्याच्या विशेष बाल पोलीस पथकात दोन समाजकार्यकर्ते हवेत, त्यांत एक स्त्री. मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे, किमान सात वर्षे शिक्षेचा गुन्हा किंवा प्रौढांचा सहभाग नसेल, तर एफआयआर नोंदवायचा नाही. दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या सामाजिक परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा.

म्हणजे पेढीवाल्याच्या पोराला जे ओळखीने मिळत होते, ते हमालाच्या पोराला आता हक्काने मिळायला हवे. या कायद्याचे खरे मोल मला एवढेच वाटते.

पण धोकाही इथेच आहे. तो अहवाल कोण लिहिणार? वस्तीकडे जुन्याच नजरेने पाहणारा माणूस 'घरचे वातावरण वाईट' एवढे लिहून मोकळा होईल. मग समाजकार्याच्या नावाने गुन्हेगार जमातींची हजेरीच पुन्हा सुरू होईल. बापाची मजुरी बुडाली, शाळेने नाव काढले, हे कारण म्हणून लिहिले जाते की कलंक म्हणून, यावर त्या पोराचे पुढचे आयुष्य ठरते.

म्हणून आपल्या शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी हा कायदा पाठ करावा, चौकीत पोराच्या बाजूला उभे राहावे आणि समाजकार्यकर्त्याच्या त्या दोन जागांवर हक्क सांगावा. आजवर वही त्यांनी लिहिली. आता लेखणी आपल्या हाती आली आहे.