पिस्तुलावरची काच: एका खुणेची कुळकथा

पिस्तुलावर दुर्बीण बसवावी का, हा नेमबाजांमधला जुना वाद आहे. एक बाजू म्हणते, लक्ष्य मोठं दिसलं की नेम सुधारणारच. दुसरी म्हणते, हात हलत असेल तर काच काय करणार? या काचेचं कूळ पाहिलं की वादाचा बराच गुंता सुटतो, कारण पिस्तुलावर आलेल्या काचा एका घराण्यातल्या नाहीत. एक घराणं लांबचं जवळ आणणाऱ्या दुर्बिणीचं. दुसरं घराणं दृश्याला हात न लावता त्यावर फक्त प्रकाशाची एक खूण टेकवणारं. दोन्ही घराण्यांचे धागे आपल्या मुलखापर्यंत येतात आणि दुसऱ्याचा धागा तर पार भीमेकाठी, इंदापूर तालुक्यातल्या डाळजच्या शेजारापर्यंत पोचतो.

आधी काच नसलेलं पिस्तूल पाहू. नळीच्या मागच्या टोकाला एक खाच असते आणि पुढच्या टोकाला माशी. खाचेच्या मधोमध माशी, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, दोघींचे माथे एका रेषेत आणि त्या रेषेपुढे लक्ष्य. ऐकायला सोपं आहे. पण खाच, माशी आणि लक्ष्य या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या अंतरांवर असतात आणि डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्वच्छ दिसतं. म्हणून नजर माशीवर ठेवायची आणि लक्ष्य पुसट दिसलं तर दिसू द्यायचं, हा या खेळातला पहिला धडा. चाळिशी लागली की माशीच पुसट होऊ लागते आणि तरुणपणी बसलेला हात असूनही गुण घसरतात.

दुसरी अडचण लांबीची. रायफलीवर खाच आणि माशी यांच्यात बरंच अंतर असतं, पिस्तुलावर जेमतेम वीतभर. हे अंतर 200 मिलिमीटर धरलं आणि माशी खाचेत एका मिलिमीटरने सरकली, तर 25 मीटरवर गोळी 125 मिलिमीटर बाजूला जाते. 25 मीटर पिस्तूल प्रकारात अचूकतेच्या फेरीचं जे लक्ष्य असतं, त्याचं दहाचं वर्तुळ 50 मिलिमीटर व्यासाचं असतं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ त्याहून 25 मिलिमीटर बाहेर. म्हणजे एका मिलिमीटरच्या चुकीला दहाचे सहा होतात. काचेकडून खरी अपेक्षा आहे ती ही चूक पुसून टाकण्याची.

पहिल्या घराण्यातलं एक मोठं नाव डेव्हिड डेव्हिडसन. हा स्कॉटिश माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात अधिकारी होता. रायफलीवर दुर्बीण बसवण्याचे प्रयोग त्याने हिंदुस्थानात असतानाच केले आणि मायदेशी परतल्यावर 1862 मध्ये आपल्या रचनेचं पेटंट घेतलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेच्या निवडक नेमबाजांकडे ज्या व्हिटवर्थ रायफली होत्या, त्यांतल्या काहींवर डेव्हिडसनची दुर्बीण नळीच्या वर नव्हे, तर डाव्या अंगाला बसवलेली असे. या दुर्बिणीत खाच आणि माशी दोन्ही गेल्या. आत ताणलेल्या बारीक तारांचा छेद आणि लांबचं लक्ष्य एकाच प्रतलात आले आणि डोळ्याची ओढाताण थांबली. लांबचं मोठं दिसणं हा वरचा लाभ होता.

रायफलीवर हे जमलं, कारण रायफल खांद्याला टेकते, गाल दस्त्यावर विसावतो आणि डोळा काचेपासून तीन-चार इंचांवर स्थिर राहतो. पिस्तूल धरतात हात लांबवून. डोळा आणि काच यांच्यात दीड-दोन फूट पडतात. रायफलीची दुर्बीण तशीच पिस्तुलावर चढवली तर डोळ्यासमोर काळोखाच्या कड्यापलीकडे काही येत नाही. म्हणून पिस्तुलासाठी लांबून पाहता येईल अशी वेगळी दुर्बीण घडवावी लागली. तिला बाजार मिळाला अमेरिकेत. .44 मॅग्नम काडतूस 1955 मध्ये आलं. रेमिंग्टनचं एक्सपी-100 हे रायफलीसारख्या बोल्टचं पिस्तूल 1963 मध्ये आणि थॉम्पसन-सेंटरचं एकबारी कंटेंडर 1967 मध्ये निघालं. ही पिस्तुलं दूरवर मारा करणारी होती. त्याच दशकात बुशनेलसारख्या कंपन्या पिस्तुलासाठी खास दुर्बिणी विकू लागल्या.

लांबून पाहण्याची किंमत मात्र चुकवावी लागली. डोळा जितका मागे, तितका दृश्याचा तुकडा लहान. त्या लहान तुकड्यात लक्ष्य शोधतानाच वेळ जातो. त्यात हाताची थरथर. दुप्पट मोठं दाखवणारी काच थरथरही दुप्पट करून दाखवते. खूण लक्ष्यावरून इकडून तिकडे पळताना दिसली की नवखा माणूस ती मध्यावर येण्याच्या क्षणाला घोडा खेचतो आणि त्या झटक्यानेच गोळी भरकटते.

डाळजच्या आसपास हिवाळ्यात गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी पाहायला येणारी माणसं आठ पटींची दुर्बीण दोन हातांत धरून नावेतूनही आरामात पाहतात. पण वीस ते साठ पटींची मोठी दुर्बीण आणणारा माणूस आधी काठावर तिपाई रोवतो. हातात धरली तर रोहितांचा थवा नुसता नाचत राहील. दोन हातांनी धरलेल्या, डोळ्याला टेकलेल्या दुर्बिणीची ही गत, तर लांबवलेल्या हातातल्या दुर्बिणीचं काय होणार! म्हणून मोठं दाखवणारी दुर्बीण पिस्तुलावर उपयोगी पडते ती हाताला वाळूच्या पिशवीचा किंवा मेजाचा टेकू असेल, लक्ष्य स्थिर असेल आणि वेळ भरपूर असेल तेव्हाच.

आता दुसरं घराणं. त्याचा मूळपुरुष डब्लिनचा सर हॉवर्ड ग्रब. त्याचा धंदा मोठमोठ्या दुर्बिणी घडवण्याचा आणि त्याच्या कारखान्याची एक परावर्तक दुर्बीण पुण्यात होती. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, 1888 मध्ये वेधशाळा उभी राहिली. तिचे प्रमुख होते प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी त्यांनी आपला तळ ठोकला तो जेऊरला, डाळजच्या परिसरातून भीमेच्या पलीकडे, करमाळा तालुक्यात. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही त्याच गावी आली होती. पुढे 1912 मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि ग्रबची दुर्बीण कोडाईकनालला गेली.

आकाश जवळ आणणाऱ्या याच ग्रबने 1900 मध्ये शस्त्रासाठी जी काच सुचवली, ती काहीच जवळ आणत नव्हती. तिची रचना अशी: एका लहान खुणेवर प्रकाश पाडायचा, तो भिंगातून नेऊन त्याचे किरण समांतर करायचे आणि तिरप्या धरलेल्या पारदर्शक काचेवरून डोळ्याकडे परतवायचे. त्या काचेतून समोरचं जग जसंच्या तसं दिसतं आणि खूण त्या जगातच, दूर लक्ष्यापाशी टेकलेली दिसते. डोळा थोडा डावी-उजवीकडे गेला तरी खूण लक्ष्यावरून फारशी ढळत नाही. डोळा काचेच्या किती मागे आहे, यालाही महत्त्व उरत नाही. दीड-दोन फुटांची अडचण या घराण्याला जन्मापासूनच नव्हती.

ही युक्ती आधी लढाऊ विमानांच्या तोफांवर गेली. हातातल्या शस्त्राला सोसेल असा लहान दिवा मिळायला पाऊण शतक लागलं. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने 1975 मध्ये एलईडीचा तांबडा ठिपका वापरून असं साधन विकायला आणलं आणि ‘रेड डॉट’ हे नाव रूढ झालं. सुरुवातीची नळकांडी जड होती. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, प्रत्येक बाराला मागे-पुढे आपटते, म्हणून काच तिच्यावर न ठेवता सांगाड्याला वेगळी कमान जोडून बसवत. पुढे ही साधनं इतकी लहान आणि दणकट झाली, की थेट स्लाइडवर बसू लागली. अमेरिकी लष्कराने 2017 मध्ये निवडलेल्या एम17 पिस्तुलाच्या स्लाइडवर अशा काचेसाठी जागा ठेवलेली आहे.

अमेरिकेत पिस्तुलावर दुर्बीण लावून शिकारही करतात, आपल्याकडे तो प्रश्नच येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, म्हणून तर सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात आणि इंदापूरच्या कडबनवाडीच्या माळावर चिंकारा टिकून आहे. आपली पिस्तूल-परंपरा आहे ती खेळाची आणि तिथे नेमबाजीच्या जागतिक संघटनेच्या नियमांत दुर्बीण, आरसा, लेसर, प्रकाशाचा ठिपका, सगळंच वर्ज्य. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2013 मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात आणि 2018 मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं, ते एका हाताने पिस्तूल धरून, नुसत्या खाच-माशीवर. हा नियम मला योग्य वाटतो. खाच-माशीवर शिकलेला हात घोडा कसा दाबायचा हे शिकतो आणि तो धडा कुठलीही काच देत नाही.

तरीही सरावात काचेला जागा असावी. तांबडा ठिपका मनगटाची प्रत्येक हालचाल उघड दाखवतो. घोडा दाबताना तो कुठे झुकला हे शिकणाऱ्याला प्रशिक्षकाच्या आधी कळतं. चाळिशीमुळे माशी हरवलेल्या जुन्या नेमबाजाला तर तो खेळच परत देतो. पिस्तूल हातात पेलायचं असेल तोवर मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीपेक्षा एक पटीचा हा ठिपकाच कामाचा. काच डोळ्याचं ओझं हलकं करते, हाताचं ओझं हातालाच वाहावं लागतं.