पाणचक्की, हळद आणि सौर इन्व्हर्टर : ‘हे आधी कोणाला ठाऊक होते?’

थ्रेड. एका अभियंता मित्राने मागे पाणचक्कीचे छायाचित्र पाठवले आणि खाली लिहिले, ‘सौर इन्व्हर्टरचे तंत्र आपल्या शहरात तीनशे वर्षांपूर्वीच होते!’ वाक्य थट्टेचे होते. तरी इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते सहजी सोडवेना, कारण त्या थट्टेच्या पोटात एक खरा प्रश्न आहे : एखादी कल्पना ‘आधीच ठाऊक होती’ असे म्हणायला नेमके काय लागते?

पेटंटच्या व्यवहारात याला ‘प्रायर आर्ट’ म्हणतात. अर्ज दाखल होण्यापूर्वीच जगासमोर आलेले ज्ञान, असा त्याचा साधा अर्थ. मी त्याला पूर्वज्ञान म्हणतो. ते सिद्ध झाले की नव्या शोधाचा दावा तिथेच संपतो.

आधी इन्व्हर्टरची अडचण समजून घेऊ. छतावरील पॅनेल दिष्ट प्रवाह, म्हणजे डीसी देते, आणि उन्हात ढग नसतील तर तो संथ, एकसारखा वाहतो. घरातील वीज मात्र प्रत्यावर्ती, एसी. आपल्याकडे ती सेकंदाला ५० आवर्तने करते. सिंगल फेज जोडणीत शक्ती एकसारखी जातच नाही. सेकंदाला १०० वेळा ती शून्यापर्यंत उतरते आणि सरासरीच्या दुपटीपर्यंत चढते. एका बाजूला संथ धार, दुसऱ्या बाजूला ठोके. या दोहोंमधला फरक पॅनेलच्या बाजूला उमटतो, तोच रिपल. (थ्री फेजमध्ये तिन्ही फेजचे ठोके एकमेकांना भरून काढतात. हे दुखणे मुख्यतः घरगुती जोडणीचे.)

हा फरक किती? दोन किलोवॅटच्या इन्व्हर्टरचा हिशेब केला तर प्रत्येक ठोक्याला सुमारे ६.४ ज्यूल ऊर्जा साठवून परत द्यावी लागते. एक किलोचे वजन साधारण ६५ सेंटिमीटर उचलून खाली ठेवण्याइतकी. आकडा क्षुल्लक वाटतो. पण हे सेकंदाला १०० वेळा, दिवसभर, वर्षानुवर्षे करायचे आहे. ते नीट झाले नाही तर पॅनेलचे व्होल्टेज डोलू लागते आणि ज्या एका बिंदूवर पॅनेल सर्वाधिक शक्ती देते तो बिंदू निसटतो. ऊन असूनही वीज वाया जाते.

रिपलशी माणसाची ओळख सौरऊर्जेच्या कितीतरी आधीची आहे, आणि ती कानांनी झालेली आहे. विजेवर चालणारा व्हॉल्व्हचा जुना रेडिओ ज्यांनी ऐकला आहे त्यांना त्यातली मंद घरघर आठवेल. ५० आवर्तनांच्या एसीचे पूर्ण तरंग वळवून डीसी केला की त्यात सेकंदाला १०० लाटा उरतात. ती घरघर म्हणजे त्याच लाटा. १९२० च्या दशकात रेडिओ बॅटरीऐवजी घरच्या विजेवर चालवू लागले, तेव्हा ही घरघर दाबण्यासाठी चोक नावाची लोखंडी गाभ्याची गुंडाळी आणि कंडेन्सर वापरले गेले. गुंडाळी प्रवाहातला अचानक बदल अडवते. कंडेन्सर जादा ऊर्जा पोटात घेतो आणि उणीव पडताच परत देतो. आजच्या सौर इन्व्हर्टरमधला मोठा कपॅसिटर हे त्याच कंडेन्सरचे नवे नाव. काम तेच, फक्त दिशा उलटी.

ही दिशा उलटी करण्याचा इतिहासही त्याच दशकातला. पीटर कूपर ह्यूइट यांनी १९०२ मध्ये पाऱ्याच्या वाफेचा रेक्टिफायर सिद्ध केला होता. त्याने एसीचा डीसी होत असे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी भारतातली पहिली विजेची रेल्वे धावली, तीही १५०० व्होल्टच्या डीसीवर. त्या काळी मोठा व्यवहार एसीकडून डीसीकडे जाण्याचा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकचे अभियंते डेव्हिड प्रिन्स यांनी कंपनीच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. रेक्टिफायर उलटा चालवला तर डीसीचा एसी होतो, हा त्याचा विषय, आणि शीर्षक होते ‘द इन्व्हर्टर’. आज आपल्या भिंतीवर लटकणाऱ्या पेटीचे नाव तिथून आले.

मग कपॅसिटर इतका जुना असताना नवे काय शोधायचे उरले? उरले ते टिकाऊपण. ६.४ ज्यूल साठवूनही व्होल्टेज डोलू द्यायचे नसेल, तर कपॅसिटर बराच मोठा लागतो, आणि त्यासाठी स्वस्तातला पर्याय म्हणजे इलेक्ट्रोलायटिक. त्याच्या पोटात द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू सुकतो. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ ठोकताळा आहे. मे महिन्यातल्या मराठवाड्यातील गच्चीवर उभे राहून हे वाक्य पुन्हा वाचावे.

यावर संशोधकांनी काढलेली युक्ती मला फार देखणी वाटते. कपॅसिटरमधील ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तेव्हा छोटा कपॅसिटर घ्यायचा, पण त्याचे व्होल्टेज मुद्दाम खूप वरखाली होऊ द्यायचे. आणि मधे वेगाने उघडझाप करणारे स्विच बसवून ते डोलणे पॅनेलपर्यंत पोहोचू द्यायचे नाही. सुकणाऱ्या इलेक्ट्रोलायटिकऐवजी टिकाऊ फिल्म कपॅसिटर पुरतो. जपानमधील शिमिझू, वाडा आणि नाकामुरा यांनी २००६ मध्ये सौर पॅनेलसाठीच्या अशा मांडणीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढे २०१४ मध्ये गूगल आणि आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेने ‘लिटल बॉक्स चॅलेंज’ जाहीर केले : दोन किलोवॅटचा इन्व्हर्टर, घन इंचामागे किमान ५० वॅट, आणि आत येणाऱ्या प्रवाहातला रिपल २० टक्क्यांच्या आत. दहा लाख डॉलरचे पारितोषिक २०१६ मध्ये बेल्जियमच्या संघाला मिळाले. त्यांनी घन इंचामागे १४० वॅटहून अधिक गाठले होते.

आज कोणी ‘आमचा इन्व्हर्टर रिपल कमी करतो’ एवढाच दावा घेऊन पेटंट मागायला गेला, तर त्याच्यासमोर हा सारा कागदोपत्री इतिहास उभा राहतो. नेमकी कोणती जोडणी नवी आहे, हे त्याला दाखवावेच लागते.

कागद किती निर्णायक ठरतो, हे हळदीच्या प्रकरणात दिसले. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळदीच्या वापरावर पेटंट दिले गेले. आपल्याकडे कोणत्याही आजीने ते हसण्यावारी नेले असते. पण तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातला नुसता वापर किंवा तोंडी ज्ञान पुरत नसे. छापील पुरावा लागे. मूळचे गोव्यातील माशेलचे, मुंबईत वाढलेले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक राहिलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. संस्थेने १९९६ मध्ये आव्हान दिले, ३२ संदर्भ पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते दावे फेटाळले गेले. त्या ३२ संदर्भांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसा १९५३ मधला इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला लेखही होता. आजीच्या अनुभवाला अखेर छापील पानाची साक्ष लागली.

आपला आजचा पेटंट कायदा याबाबत अधिक उदार आहे. कलम २५ नुसार पेटंट मिळण्याआधी कोणीही विरोध नोंदवू शकतो, आणि स्थानिक समाजातले तोंडी ज्ञानही त्यासाठी आधार ठरू शकते.

मग पाणचक्की? १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली आणि पुढे शहराला नहरींनी पाणी दिले. पाणचक्की त्यानंतरची; तिच्यासाठी १६९५ चा सुमार आणि १७४४ असे दोन काळ सांगितले जातात. हर्सूलच्या बाजूने मातीच्या नळांतून आलेले पाणी बांधीव मनोऱ्यात चढते, तिथून पडते आणि त्याच्या जोरावर दगडी जाते फिरत असे. समोर मोठा हौद. येणारे पाणी आणि खर्च होणारे पाणी यांचा मेळ हौद घालतो, कपॅसिटरही ऊर्जेचा मेळ घालतो, हे साम्य खरे आहे. वर्गात शिकवताना मी ते जरूर वापरीन.

पण साम्य म्हणजे पूर्वज्ञान नव्हे. नहर बांधणाऱ्यांना पाण्याचा दाब, उतार आणि साठवण कळत होती. सेकंदाला १०० ठोक्यांचा प्रश्न त्यांच्यासमोर कधी आलाच नाही. ज्याने प्रश्न पाहिला नाही त्याच्या नावे उत्तर लिहिले, तर त्याने खरोखर सोडवलेला प्रश्न झाकला जातो. पंप नसताना मैलोगणिक दूरचे पाणी केवळ उताराच्या बळावर मनोऱ्यात चढवणे, हे त्यांचे काम होते. मित्राला मी एवढेच लिहून पाठवले आणि सोबत प्रिन्सच्या लेखाचे साल. त्याचे उत्तर आले : ‘मग हर्सूलच्या नळांवर थ्रेड कधी?’

तो पुढच्या रविवारी.