भूर्जपत्रांवरचे औषधी तूप

आजचा विषय आहे औषधी तूप, म्हणजेच आयुर्वेदातले घृत. ब्राह्मी घृत, त्रिफळा घृत, पंचतिक्त घृत अशा बाटल्या आज घरोघरी दिसतात. विकणारे सांगतात, “रोज सकाळी एक चमचा, लहानथोर सगळ्यांनी घ्या, आपली परंपराच आहे.” परंपरा खरोखर हेच सांगते का? तपासायचे तर जुनी पानेच उलगडायला हवीत. त्यातली काही फार जुनी पाने एका लष्करी अधिकाऱ्याच्या हाती लागली. मीही सैन्यात आयुष्य काढले, त्यामुळे ही हकीकत मला जास्त जवळची वाटते.

1888 साली काराकोरम खिंडीजवळ अँड्र्यू डॅल्ग्लिश या स्कॉटिश व्यापाऱ्याचा खून झाला. खुन्याच्या शोधाचे काम लेफ्टनंट हॅमिल्टन बॉवर यांच्याकडे आले. 1890 मध्ये मध्य आशियातल्या कुचा या गावी असताना त्यांनी जुन्या अवशेषांतून निघालेले एक हस्तलिखित विकत घेतले. 51 भूर्जपत्रे, लिपी गुप्तकालीन ब्राह्मी, भाषा संस्कृत. ते कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीकडे पोहोचले आणि रुडॉल्फ हर्नले यांनी अनेक वर्षे खपून ते वाचून छापले. आज ते ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. अभ्यासक त्याचा काळ चौथ्या ते सहाव्या शतकादरम्यान मानतात. आपल्याकडच्या दमट हवेत पाने टिकत नाहीत, पोथ्या पुन्हा पुन्हा उतरवाव्या लागतात. तिथल्या कोरड्या हवेने मात्र ही पाने दीड हजार वर्षे सांभाळली.

या बाडातल्या एका वैद्यक ग्रंथाचे नाव आहे ‘नावनीतक’. नवनीत म्हणजे लोणी. आधीच्या ऋषींचे ग्रंथ घुसळून काढलेले सार, असा त्या नावाचा अर्थ. त्याचा पहिला अध्याय चूर्णांचा, दुसरा औषधी तुपांचा आणि तिसरा तेलांचा. म्हणजे त्या काळीही घृत हा औषधांचा एक स्वतंत्र वर्ग होता. ताटात वाढायच्या तुपापेक्षा त्याची जागा वेगळी होती.

वैद्यांनी तूपच का निवडले? चरकसंहितेत याचे कारण मिळते. तूप ज्या वनस्पतीबरोबर शिजवावे तिचे गुण घेते आणि स्वतःचेही सोडत नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर वनस्पतीतले जे घटक पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात चांगले विरघळतात, ते तुपात उतरतात.

कृतीही मोजूनमापून ठरलेली. शार्ङ्गधरसंहितेचे प्रमाण असे: वनस्पतीचा वाटलेला कल्क एक भाग, तूप चार भाग, काढा किंवा इतर द्रव सोळा भाग. पाव किलो कल्क असेल तर एक किलो तूप आणि चार किलो काढा. मंद आचेवर पाणी आटेपर्यंत शिजवायचे. थर्मामीटर नव्हता, पण परीक्षा पक्क्या होत्या. कल्क बोटांत वळला की त्याची वात व्हावी. ती विस्तवात टाकली तर तडतडू नये, कारण तडतडली म्हणजे पाणी शिल्लक आहे आणि असे तूप खराब होणार. फेसाचीही खूण आहे: तेल सिद्ध होताना फेस येतो, तूप सिद्ध होताना तो शमतो.

आता घेण्याची गोष्ट. इथे आपला मराठी धागा लागतो. देवगिरीच्या यादवांचे मंत्री हेमाद्री, ज्यांना आपण हेमाडपंत म्हणतो, त्यांनी वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने 1939 साली ती मूळ ग्रंथासह काढली. संपादक होते अकोल्याचे हरिशास्त्री पराडकर.

या ग्रंथात स्नेह घेण्यावर एक अख्खा अध्याय आहे. त्यात मात्रा चमच्याने मोजलेली नाही, पचनाने मोजली आहे. दोन प्रहरांत पचेल ती लहान, चार प्रहरांत पचेल ती मध्यम, आठ प्रहरांत पचेल ती मोठी. प्रहर तीन तासांचा. शोधनापूर्वी नुसते तूप प्यायचे तर कोठा पाहून तीन ते सात दिवस. रोग शमवण्यासाठी ते भुकेच्या वेळी द्यायचे, आणि शरीर भरून यावे म्हणून थोडेसे जेवणाबरोबर. तुपावर गरम पाणी प्यायचे. कोणाला देऊ नये, याचीही यादी आहे: अग्नी फार मंद असलेले, स्थूल, अतिसार झालेले, उदररोगी.

ही यादी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या परंपरेचा दाखला देऊन आज एकच चमचा सगळ्यांना दिला जातो, त्याच परंपरेने माणूस, हेतू आणि मुदत पाहिल्याशिवाय तूप दिले नाही.

आमच्या छत्तीसगडच्या जंगलांत हर्रा, बहेडा आणि आंवला भरपूर. मराठीत हिरडा, बेहडा, आवळा, म्हणजेच त्रिफळा. बस्तर, धमतरी, गरियाबंदकडची आदिवासी कुटुंबे हा माल गोळा करून विकतात. त्रिफळा घृताची सुरुवात त्यांच्या टोपलीत होते. डोळ्यांच्या विकारांसाठी वैद्य हे घृत पूर्वापार देत आले आहेत. पण कोणत्या रुग्णाला आणि किती दिवस, हे ठरवणारा वैद्य मध्ये हवाच.

माझ्या वयाच्या श्रोत्यांना एवढेच सांगेन. तुपात काहीही शिजवले तरी त्यातली चरबी आणि उष्मांक उरतातच. मधुमेह, हृदयविकार, वाढलेले कोलेस्टेरॉल किंवा पित्ताशयाचे खडे असतील तर वैद्यांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही विचारल्याशिवाय बाटली उघडू नका. चालू असलेली गोळी तर आपल्या मनाने मुळीच सोडू नका. बाटलीवर घटक, उत्पादनाची तारीख आणि परवाना क्रमांक आहे का, तेही पाहा. वैद्यांकडे जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा: हे कशासाठी, किती, आणि कधी थांबवायचे?