बुरुडांची श्रेणी आणि पंचकोनाची अडचण

जुन्नरच्या लेण्यांतील एका ब्राह्मी लेखात धर्मकार्याची रक्कम दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. एक श्रेणी बांबूकाम करणाऱ्यांची, दुसरी काशाची भांडी घडविणाऱ्यांची. दुसऱ्या एका लेखात धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे व पाण्याचे टाके दिल्याचे कोरले आहे. कामगारांच्या संघटनेत उमर घालविलेल्या आम्हांला पहिल्या लेखाचे अप्रूप अधिक. अलीकडच्या काळापर्यंत कर्जासाठी बुरुडाला जामीनदार शोधत हिंडावे लागत असे. त्या काळी लोकांची ठेव त्याच्या श्रेणीकडे चालून येत होती!

या माणसांच्या हाती कोणती विद्या होती? जुन्नर-आंबेगावच्या बाजारात मिळणारी साधी चटई पाहा. उभ्या-आडव्या पट्ट्यांनी चौकोन पडतात. एका बिंदूपाशी नव्वद अंशांचे चार कोन, बेरीज ३६०. आता कोंबड्यांची जाळीदार डाल घ्या. तीत पट्ट्या तीन दिशांनी जातात, षट्कोनी भोके पडतात आणि त्यांच्या मध्ये त्रिकोण बसतात. प्रत्येक छेदापाशी १२०, ६०, १२०, ६०. बेरीज पुन्हा ३६०. विरळ विणलेल्या चौकोनी जाळीत पट्टी सरकते, या विणीत मात्र ती जागच्या जागी अडकते. म्हणून थोड्या बांबूत मजबूत टोपली होते. काटकसर हीच येथे भूमितीची गुरू.

नियमित पंचकोनाने मात्र जमीन भरत नाही. त्याचा कोन १०८ अंशांचा. तीन ठेवले की ३६ अंशांची फट उरते, चौथा शिरत नाही.

सपाटीवर दोन दिशांनी पुनःपुन्हा येणाऱ्या नक्षीचे, सममितीच्या दृष्टीने, सतराच प्रकार संभवतात, हे रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फेदोरोव्ह यांनी १८९१ मध्ये सिद्ध केले. विणणारे हात त्यांतले कित्येक प्रकार त्याआधीच वापरीत होते. सतरावर संख्या का थांबते, हे मात्र सिद्धतेवाचून कळले नसते. एवढे श्रेय पंडितांना दिलेच पाहिजे.

पण पंडितांचीही यादी अपुरी राहते. कोन असमान असले तर काही पंचकोन जमीन भरतात. अशा बहिर्वक्र पंचकोनांची यादी पुरी झाली असे मानले जात असता, अमेरिकेतील मार्जोरी राइस या गृहिणीने १९७५ मध्ये एका मासिकातील लेख वाचला आणि स्वतःच्या खुणा-चिन्हे तयार करून १९७७ पर्यंत चार नवे प्रकार शोधले. गणिताचे शिक्षण शाळेपुरतेच! एकूण प्रकार पंधराच, अशी संगणकाच्या साहाय्याने केलेली सिद्धता फ्रान्सच्या मिकाएल राव यांनी २०१७ मध्ये जाहीर केली. त्या पंधरांत राइसबाईंचे चारही आहेत.